ठिपक्याला शेपूट

प्राणिसंग्रहालयात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. हजेरीच्या वहीत नाव होतं, पगाराच्या कागदावर होतं, पण तोंडी एकच, ‘तोफ’. ती बंदूक चालवायची म्हणून हे नाव पडलं असेल असं नव्या माणसाला वाटे. तसं नव्हतं. बंदूक हातात यायच्या कितीतरी आधी, पिंजरे झाडायला लागल्याच्या दुसऱ्याच महिन्यात, हरणांच्या हौदात सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्या एका पाहुण्याला तिने ते त्याच्याच हाताने बाहेर काढायला लावलं होतं. पाहुणा निघाला मोठ्या कचेरीतला अधिकारी. त्याची बाही कोपरापर्यंत शेवाळाने माखली. त्या दिवशी संध्याकाळी हत्तीचा माहूत म्हणाला, “ही बाई नाही, तोफ आहे,” आणि तेच चिकटलं.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे हे खरंच. पण तो उगाच नसे. जनावराला शिळं घालणाऱ्यावर, कुलूप नीट न लावणाऱ्यावर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘चालतंय हो’ म्हणणाऱ्यावर. ‘चालतंय’ हा शब्द ऐकला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

बंदूक तिच्याकडे आली ती आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांमुळे. आजारी जनावराला दुरून भुलीची सुई मारून झोपवायचं, मग त्याच्याजवळ जायचं, ही रीत. डॉक्टरांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी बागेतल्या चौघांना मैदानात नेलं, पोत्यात गवत भरून टांगलं आणि एकेकाला नेम धरायला सांगितलं. तिघा पुरुषांच्या सुया कुंपणाबाहेर गेल्या. हिची पोत्याच्या बरोबर मधोमध. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा मार.” पुन्हा तिथेच. तेव्हापासून अठरा वर्षं झोपवायचं काम तिचं. जुन्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायला लोखंडाचा बारीक दाणा होता, त्याला माशी म्हणत. मागच्या खाचेतून माशी दिसली आणि माशीवर जनावराची मांडी बसली, की श्वास रोखून चाप ओढायचा. अठरा वर्षांत तिच्या सुईने एकही जनावर दगावलं नाही. एक कोल्हा तेवढा सुई घेऊन पळाला होता, आणि त्याबद्दल ती अजून स्वतःला शिव्या द्यायची.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यापाठोपाठ नवी बंदूक.

बंदूक खोक्यातून निघाली तेव्हा सगळी बाग मैदानात जमली होती. नळीवर माशी नव्हतीच. तिच्या जागी काडेपेटीएवढी एक काच बसवलेली, आणि काचेत पाहिलं की लाल ठिपका पेटलेला दिसे. साहेब हौसेने सांगत होते, “याला रेड डॉट म्हणतात. खाच नाही, माशी नाही. ठिपका जिथे ठेवाल तिथे सुई. लहान पोरही मारेल.” त्यांनी स्वतः डोळा लावला. “वा! गोल, लालबुंद, टिकलीसारखा.” मग नव्या डॉक्टरांनी पाहिलं. त्या तरुण होत्या, कामाला चोख. म्हणाल्या, “गोल आहे.” गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “गोल.” भांडारातला माणूस म्हणाला, “गोल.” भांडारातला हा माणूस म्हणजे तोफेचा सख्खा दीर. सहा वर्षांपूर्वी तो दोन वर्षं बेकार घरी बसला होता तेव्हा हिनेच साहेबांच्या आधीच्या साहेबांपुढे उभं राहून त्याला चिकटवून घेतलं होतं.

मग बंदूक तिच्या हातात आली. तिने गाल टेकवला, उजवा डोळा लावला आणि लगेच मान वर केली.

“हा फुटलाय.”

“काय फुटलाय?”

“ठिपका. हा गोल कुठे आहे? भिंतीवर पिकलेलं फळ फेकून मारावं तसा दिसतोय. मधे दोन-तीन गोळे आणि खाली डावीकडे ही एवढी शेपटी.”

साहेबांनी पुन्हा पाहिलं. “गोल आहे.”

“नाही.”

“आम्ही चौघांनी पाहिलंय बाई.”

तेवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटलं, “नाचता येईना, अंगण वाकडं.” हशा पिकला. तोफेने कोण बोललं ते पाहिलं नाही. दिराकडे पाहिलं. तो खोक्यातला कागद घडी करत होता, फार काळजीपूर्वक.

तिने एवढा तगादा लावला की साहेबांनी ती काच बदलून मागवली. तीन आठवड्यांनी दुसरी आली. तीही फुटलेली. शेपटी तीच, तशीच खाली डावीकडे. तेव्हा तिला खात्रीच पटली की दुकानदाराने साहेबांच्या सगळा भंगार माल गळ्यात मारलाय. ती साहेबांच्या खोलीत गेली आणि तसं म्हणाली. खोलीचं दार उघडं होतं, बाहेर माळी पाइप धरून उभे होते. साहेबांचे कान लाल झाले.

“यंत्राला दोष नाही,” ते म्हणाले. “तुमच्या डोळ्यांची तपासणी करून घ्या. सरकारी कागद आणा.”

तिने कागद आणला. दवाखान्यातल्या माणसाने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिने एक डोळा झाकून वाचली, दुसरा झाकून वाचली, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा. त्याने शिक्का मारला, ‘दृष्टी उत्तम’. पुढच्या माणसाला हाक मारली. दोन मिनिटं लागली नसतील.

त्या कागदाने तिचं भलं करायच्या ऐवजी वाटोळंच केलं. साहेबांनी तो दोन बोटांत धरला आणि विचारलं, “डोळे उत्तम, यंत्र उत्तम. मग वाईट काय?”

आयुष्यात पहिल्यांदा तोफ गप्प बसून परत आली, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. जुनी बंदूक मागावी तर ती नव्याच्या बदल्यात मोठ्या कचेरीत जमाही झाली होती. बागेत कुजबुज सुरू झाली. वय झालं बाईचं. हट्टी आहे, नवीन शिकायचं नाही. कोणी तर म्हणालं, सकाळी सकाळी घेऊन येत असेल. ते ज्याने म्हटलं त्याला तिने चाऱ्याच्या खोलीत गाठलं आणि त्याच्या नाकापुढे फुंकर मारून म्हणाली, “हुंग. हुंग की. चहाचा वास येतोय की कसला?” तो भिंतीला चिकटला.

त्यात साहेबांनी आणखी एक हुकूम काढला. काचेच्या बाजूला उजेड कमी-जास्त करायची एक चक्री होती. कोणी फिरवून बिघडवू नये म्हणून ती जवळजवळ पूर्ण उजेडावर ठेवून वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टी दिराने गुंडाळली. चांगले चार वेढे.

मैदानातल्या पोत्यावर तिने सराव केला. अंतर कमी असलं की जमे. शेपटी सोडून द्यायची, सगळ्यात भडक गोळा धरायचा. पण पंचवीस पावलांवर तो भडका एवढा पसरे की अख्खं पोतं त्यात बुडून जाई. माशी कधी नेमाला झाकत नसे. हा ठिपका ज्याला मारायचं त्यालाच गिळत होता. तिने हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, “मला तर बारीक दिसतो हो. सवय होईल.”

सवय होण्याआधी काकूचा दात दुखायला लागला.

काकू म्हणजे अस्वल. बागेत सगळ्यांत म्हातारी, एका कानाने ठार बहिरी, आणि स्वभावाने थेट एखाद्या घरातल्या कुरकुऱ्या काकूसारखी. खाणं आणायला उशीर झाला की पाठ करून बसायची. तोफेने तिला अठरा वर्षं भरवलं होतं. त्या आठवड्यात तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. चार दिवस तिने कशाला तोंड लावलं नाही, आणि आतल्या लहान पिंजऱ्यातही येईना. आत आली असती तर जाळीतून हातभर अंतरावरून सुई देता आली असती. ती आवाराच्या पार पलीकडे, भिंतीच्या सावलीत मान टाकून बसून राहिली.

सकाळ होती, पण आभाळ भरलेलं. कुंपणापासून काकूपर्यंत सव्वीस पावलं.

“आज नको,” तोफ म्हणाली. “या नव्या बंदुकीने नको. जुनी बंदूक मागवा, दोन दिवसांत येईल.”

“दोन दिवसांत पू डोक्यात जाईल,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग मला आत जाऊ द्या. दहा पावलांवर जाते.”

“वेड लागलंय?” साहेब म्हणाले. “दुखावलेल्या अस्वलाच्या अंगावर? आणि उद्या मी कोणाला उत्तर देऊ? इथून मारा. लहान पोर मारेल हो!”

नाही म्हणायला हवं होतं. ही गोष्ट ती पुढे स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगत असे, कोणी विचारलं नसतानाही. बंदूक साहेबांच्या हातात देऊन म्हणायला हवं होतं, गोल दिसतो ना, मग मार तूच. पण काकू दुखण्याने हुंकारत होती, आणि तो आवाज ऐकून तिने गाल टेकवला.

सावलीतल्या काळ्या केसांवर तो लाल भडका उठला. मांडी कुठे, पोट कुठे, काहीच कळेना. तिने मान वर करून मांडी पाहिली, पुन्हा डोळा लावला, पुन्हा भडका. हा गोळा की तो, असं करण्यात एक श्वास गेला, मग दुसरा. चाप ओढला आणि त्याच क्षणी काकूने कूस बदलली.

सुई पोटात गेली.

काकू झोपली. दात निघाला, पू निघाला, दाताचं काम डॉक्टरांनी फार सुरेख केलं. पण जाड सुई आतड्यापर्यंत पोचली होती. सहा दिवस तोफ त्या पिंजऱ्यापुढे बसून होती. सातव्या दिवशी सकाळी काकू पाठ करून निजलेली होती, ती वळलीच नाही.

साहेबांचा अहवाल दोन पानांचा. दुसऱ्या पानावर शेवटून तिसरी ओळ, ‘नेमबाज कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’. सोबत दोन कागद जोडलेले. एक, तिचे डोळे उत्तम असल्याचा. दुसरा भांडारातला, माल ताब्यात घेतल्याचा. त्यावर लिहिलेलं, ‘ठिपका गोल व स्पष्ट, तपासून घेतला’. खाली दिराची सही.

बंदूक ड्रायव्हरकडे गेली. तोफेला चाऱ्याच्या खोलीत गाजरं चिरायला बसवलं.

तिने गाजरं अशी चिरली की पाट फुटला. घरी भांडी अशी आपटली की शेजारीण दारात आली. नवरा वायरमन, थंड माणूस. तो म्हणायचा, घरात दोघांनी तापायचं म्हटलं तर फ्यूज उडेल, म्हणून मी गार राहतो. ती जेवत नव्हती. ‘निष्काळजी’ हा शब्द मधेच कधीही मोठ्याने म्हणायची, भाजी निवडताना, केस विंचरताना.

एका संध्याकाळी तो तिला स्कूटरवरून घरी आणत होता. दिवेलागणीची वेळ. चौकात लाल सिग्नल लागला आणि गाडी थांबली. मागे बसलेली ती सिग्नलकडे पाहून करवादली, “हाही मेला फुटलेला. सगळ्या जगाचे लाल दिवे फुटलेत.”

नवऱ्याने वर पाहिलं. “फुटलेला नाही. बरा आहे की.”

“बरा? त्याची शेपटी बघ. खाली डावीकडे.”

नवऱ्याने सिग्नलकडे पुन्हा पाहिलं. मग मान वळवून म्हणाला, “कसली शेपटी?”

“अरे, दिव्याला असते ती. सगळ्याच दिव्यांना असते ना, संध्याकाळी.”

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणायला कशाला हवं? असते. त्या पलीकडच्या खांबाला बघ, गाडीच्या दिव्यांना बघ. लहानपणापासून बघतेय.”

“मला नाही दिसत,” नवरा म्हणाला. “कधीच नाही दिसली. दिवा गोल असतो गं.”

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. हिरवा लागला होता. पण नवरा दिव्यांच्या धंद्यातला माणूस, दिव्याविषयी कोणी चुकीचं बोललं की त्याला राहवत नाही. त्याने स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि पुन्हा लाल होईपर्यंत दोघं फुटपाथवर उभी राहिली. लाल झाला तसा तो म्हणाला, “आता मान उजवीकडे वाकडी कर. कानाला खांदा लाव.”

तिने केली. शेपटी फिरली. मान सरळ केली, शेपटी परत खाली डावीकडे. डावीकडे मान केली, शेपटी तिकडे. सिग्नल खांबाला घट्ट बसवलेला होता, आणि शेपटी तिच्या मानेबरोबर फिरत होती.

भर चौकात, येणारी-जाणारी माणसं बघत असताना, ती एका दिव्यापुढे मान हलवत उभी राहिली आणि मग फुटपाथच्या कडेला बसली. “माझ्यातच आहे,” ती म्हणाली. “माझ्याच डोळ्यात आहे.” नवऱ्याला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिने उजव्या डोळ्यावर तळहात एवढ्या जोरात दाबला की त्याने तो धरून बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानातल्या बाईने तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि अक्षरांच्या ऐवजी पंख्यासारखा उघडलेला रेघांचा एक गोल दाखवला. “सगळ्या रेघा सारख्या काळ्या दिसतात?”

“नाही. या बाजूच्या ठळक, त्या बाजूच्या पुसट.”

“सगळ्या सारख्याच छापल्यात,” बाई म्हणाली. “तुम्हाला सिलिंडरचा नंबर आहे.”

“सिलिंडर? गॅसचा?”

बाई हसली. ही चेष्टा तिने शंभरदा ऐकली असेल, पण समोरची बाई चेष्टा करत नव्हती हे पाहून तिने नीट समजावलं. डोळ्याची पुढची काच चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोल हवी. काहींची ती अंड्यासारखी असते, एका बाजूने जास्त वाकलेली. मग उजेडाचा बारीक ठिपका एका जागी जुळत नाही, ताणला जातो, फुटतो. अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. थोडा असला तर पांढऱ्यावरची काळी अक्षरं वाचायला काही अडत नाही. पण अंधारातला पेटता दिवा लगेच चुगली करतो.

तोफेने बंदुकीची, साहेबांची सगळी हकीगत सांगितली. “आणि उजेड भडक असला तर?”

“तर जास्तच फुटणार. मंद केला तर बराच आवरतो. आणि नेमाचं काम असेल तर ठिपका पेटवण्यापेक्षा काचेवर कोरलेली खूण असली की तेवढी नाही फुटत. तुमच्या साहेबांनी विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं.”

तोफेच्या डोळ्यांपुढे काळी चिकटपट्टी आली. चार वेढे.

चार दिवसांनी चष्मा मिळाला. तो लावून ती सरळ भांडारात गेली. दुपारची वेळ, दीर एकटाच होता, यादीवर खुणा करत. तिला पाहून उठला. काकू गेल्यापासून दोघं धड बोलले नव्हते.

“बंदूक काढा, भावजी.”

“वहिनी, साहेबांना विचारल्याशिवाय…”

“सुई नको, गोळी नको. रिकामी बंदूक काढा.”

त्याने काढली. तिने दाराबाहेर भिंतीकडे धरून पाहिलं. ठिपका गोल होता. कडेला एखादी मिशी फुटावी तेवढंच कुसळ उरलं होतं. तिने नखाने चिकटपट्टी उकरली. दीर म्हणाला, “वहिनी, ते नको,” पण तिने चारही वेढे सोडले आणि चक्री मागे फिरवली. कुसळही गेलं. मसुरीच्या दाण्याएवढा स्वच्छ ठिपका भिंतीच्या एका विटेवर बसला.

एवढं सोपं होतं. एक चष्मा आणि बोटाने फिरवायची एक चक्री. एवढ्यासाठी काकू गेली. तिला असं वाटलं की ही बंदूक आता भिंतीवर आपटून तिचे तुकडे करावेत. पण तिने ती नीट दिराच्या हातात दिली आणि म्हणाली, “तुम्ही पाहा. पुन्हा उजेड वाढवते. कसा दिसतो सांगा.”

“गोल,” दीर म्हणाला.

त्याचा डोळा अजून काचेपाशी पोचलाही नव्हता.

मग तोफेने त्याच्या यादीचं मागचं पान उलटलं, पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. “काढून दाखवा.”

“वहिनी…”

“चित्र काढा. जे दिसतं ते. मी सांगते म्हणून नाही, साहेब सांगतात म्हणून नाही. दिसतं ते.”

त्याने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग पेन्सिल घेतली आणि कागदावर दोन टिंबं काढली, एकमेकांना चिकटलेली, आणि वर-खाली दोन काटे. त्याच्या डोळ्याचं वाकडेपण तिच्यापेक्षा वेगळं होतं, पण गोल म्हणावं असं त्या चित्रात काहीही नव्हतं.

“पहिल्या दिवशीही असाच दिसला?”

त्याने होकाराची मान हलवली.

“आणि गोल म्हणालात?”

“साहेब गोल म्हणाले. डॉक्टर गोल म्हणाल्या. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट. सही करायची होती. मी काय म्हणणार? कायम व्हायचोय अजून.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही जेव्हा फुटलाय म्हणालात ना, तेव्हा वाटलं, सांगावं. पण सगळे हसले.”

“एक माणूस,” तोफ म्हणाली. ती ओरडत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. “एक जरी माणूस म्हणाला असता की मलाही फुटका दिसतो, तर मी ती बंदूक हातात धरली नसती. दोघांना दिसला असता तर विचार झाला असता. मी एकटी होते म्हणून वेडी ठरले. तू होतास तिथे. माझ्या बाजूला उभा होतास.”

दिराला तिने आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. मग मात्र आवाज चढला, आणि एवढा चढला की हरणं जाळीला जाऊन धडकली. त्या दिवशी ती काय काय बोलली ते माळी अजून सांगतात, त्यातलं निम्मं त्यांनी पदरचं घातलं असेल. शेवटी तिने तो चित्राचा कागद फाडून घेतला आणि म्हणाली, “याच्या खाली लिही. पहिल्या दिवशी असा दिसला आणि मी खोटी सही केली. लिहायचं नसेल तर नको लिहूस. पण मग माझ्या दारात येऊ नकोस.”

ते लिहायला चार दिवस घेतले त्याने. पाचव्या दिवशी कागद तिच्या गाजरांच्या टोपलीत येऊन पडला. खाली सही.

तो कागद, चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी आणि चिकटपट्टीचा गोळा घेऊन ती साहेबांकडे गेली. डॉक्टर आपणहून बरोबर आल्या. साहेबांनी सगळं वाचलं. पट्टीच्या गोळ्याकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. आपल्या हातून चूक झाली हे मानायची त्यांना सवय नव्हती, एवढंच, आणि अशी माणसं वाईट माणसांपेक्षा कमी नुकसान करत नाहीत.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “निष्काळजीपणा काढतो. ‘तांत्रिक कारणामुळे’ असं घालतो. झालं?”

“नाही झालं. पट्टी कोणी लावायला सांगितली ते लिहा. मी तीनदा सांगितलं ते लिहा. त्या सकाळी मी नको म्हणाले ते लिहा. आणि तरी मी चाप ओढला, तेही लिहा.”

“याने अस्वल परत येणार आहे का?”

“नाही. पण तांत्रिक कारण म्हणजे कोणीच नाही. आणि तिला कोणीच नाही मारलं असं नाहीये.”

तिने सही केली नाही. साहेबांनीही लिहिलं नाही. डॉक्टरांनी मात्र स्वतःचं एक पान लिहून अहवालाला टाचलं. आजही तो अहवाल तसाच आहे, एका बाजूला तांत्रिक कारण आणि मागे डॉक्टरांचं पान, आणि तोफेच्या सहीची जागा कोरी.

बंदूक तिच्याकडे परत आली ती न्याय म्हणून नव्हे, गरज म्हणून. एका सांबराची शिंगं तारेत अडकली, ते स्वतःची मान कापून घ्यायला लागलं. ड्रायव्हरच्या दोन सुया वाया गेल्या. साहेबांनी चाऱ्याच्या खोलीत माणूस पाठवला. ती हात पुसत आली, चष्मा नाकावर सरकवला, चक्री फिरवून उजेड मंद केला आणि एका सुईत काम संपवलं. साहेब म्हणाले, “शाबास.”

“शाबासकी ठेवा तुमच्यापाशी,” ती म्हणाली आणि तार कापायला आत गेली.

त्यानंतर तिने भांडाराच्या दारावर एक कागद चिकटवला, ‘बंदूक घेणाऱ्याने आधी ठिपका कसा दिसतो त्याचं चित्र काढावं’. साहेबांनी तो दोनदा काढून टाकला. तिने तिसऱ्यांदा खिळ्याने ठोकला, तो राहिला.

दिराशी मात्र ती बोलेना. महिना झाला, दुसरा लागला. जाऊ येऊन रडून गेली. नवरा म्हणाला, “लिहून दिलं ना त्याने? घाबरट आहे, पण लिहिलं. अजून किती?”

“मला माहीत नाही किती,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

एका सुट्टीच्या सकाळी ती उठली, जावेच्या घरी गेली, चहा पिणाऱ्या दिराला म्हणाली, “चला,” आणि त्याला पुढे घालून चष्म्याच्या दुकानात आली. वाटेत एक शब्द नाही. तो दोन पावलं मागे, ती दोन पावलं पुढे.

दुकानातल्या बाईने तिला ओळखलं. “हे कोण?”

“दीर आहे माझा. याचे डोळे तपासा.”

आतल्या खोलीत बाईने रेघांचा तो गोल लावला. दीर खुर्चीत ताठ बसला होता, हात मांडीवर, शाळेत उभं केल्यासारखा. बाईने विचारलं, “सगळ्या रेघा सारख्या काळ्या दिसतात?”

“हो, सारख्याच,” तो म्हणाला.

“खरं सांगा!” तोफ बाहेरून कडाडली. काउंटरवरचं गिऱ्हाईक दचकलं, त्याच्या हातातली फ्रेम खाली पडली.

दिराने मान जराशी पुढे केली, डोळे बारीक केले, मग पुन्हा मोठे केले.

“उभ्या ठळक आहेत,” तो हळूच म्हणाला. “आडव्या… आडव्या पुसट आहेत. बऱ्याच पुसट.”

तोफ बाहेरच्या स्टुलावर बसली. ती अजून त्याच्याशी बोलणार नव्हती. पण नंबर निघेपर्यंत ती तिथून उठली नाही.